हमिंगबर्डच्या फीडरला काळी बुरशी धरली आहे, ठेवू की काढू?

रानजाई | १४ ऑगस्ट, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहतो. मागच्या डेकवर मे महिन्यात हमिंगबर्डचा फीडर, म्हणजे साखरपाण्याची बाटली, टांगला. खरं तर तो बाबांचा फीडर. ते वाईहून आमच्याकडे आले होते. सकाळी चहा घेऊन काचेच्या दाराशी बसायचे आणि पक्षी आला की वहीत वेळ लिहायचे: ६:१०, ६:२५, ६:५०. एक नर ठरलेला होता. मान वळवली की गळा माणकासारखा चमकायचा आणि पुन्हा वळवली की काळा दिसायचा. बाटली धुणं, पाणी बदलणं सगळं बाबाच करत.

१ ऑगस्टला बाबा परत गेले. त्यानंतर ऑफिस आणि मुलांच्या धावपळीत मी जवळजवळ दोन आठवडे बाटली उतरवलीच नाही. बाटली मोठी आहे, पाणी अर्ध्यावर दिसत होतं, म्हणून वाटलं की अजून आहे. काल जवळून पाहिलं तर पाणी गढूळ, वास आंबूस, आणि प्लॅस्टिकच्या लाल फुलांच्या भोकांत काळे ठिपके. नर गेले दहा दिवस दिसलेला नाही. एक पांढऱ्या पोटाची मादी येते, चोच घालते आणि लगेच निघून जाते.

बाबा रोज फोनवर विचारतात, "आला का गं?" आणि मला उत्तर देता येत नाही.

नर माझ्या हलगर्जीपणामुळे गेला का? बुरशी कशी काढायची? दुकानातलं लाल पाणी संपलं आहे, तर घरचा मध किंवा गूळ पाण्यात घालून चालेल का?

---

सरोवर | १४ ऑगस्ट, रात्री १०:१५

रानजाई, बाकी सगळं उद्या वाचा. फीडर आत्ताच उतरवा आणि ते पाणी सिंकमध्ये ओता. रात्री पक्षी येणार नाही, पण पहाटे पहिल्या उजेडात ती मादी नक्की येईल.

आता बुरशीचं. सगळे भाग सुटे करा. प्लॅस्टिकची फुलं बहुतेक फीडरमध्ये ओढली की निघतात, घाण नेमकी त्यांच्या मागे असते. एक गॅलन पाण्यात पाव कप साधं, वास नसलेलं ब्लीच घाला आणि सगळे भाग तासभर बुडवून ठेवा. मग बाटलीच्या ब्रशने आतून घासा. भोकांसाठी पातळ ब्रश लागतो, स्ट्रॉ धुवायचा असतो तो चालतो. नंतर वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवा, वास पूर्ण जाईपर्यंत, आणि उन्हात खडखडीत वाळू द्या. एवढं करूनही काळे डाग राहिले तर तो फीडर टाकून द्या. ओरखडे पडलेल्या प्लॅस्टिकमधून बुरशी पूर्ण निघत नाही.

हे फक्त बुरशी धरल्यावर. एरवी दर वेळी कडक गरम पाणी आणि ब्रश पुरेसा असतो, अधूनमधून व्हिनेगर. भांड्यांचा साबण मी वापरत नाही, त्याचा थर मागे राहतो.

मध अजिबात नको, गूळही नको. माझ्या सासूबाईंनाही हे पटायला वेळ लागला, कारण आपल्याकडे मध म्हणजे पंचामृतातली वस्तू आणि साखर म्हणजे वाईट. पण मधात पाणी मिसळलं की तो झपाट्याने आंबतो आणि बुरशीला आयतं अन्न मिळतं. गुळात आणि ब्राउन शुगरमध्ये लोह आणि इतर क्षार असतात. फुलांच्या मधुरसात ते नावापुरतेच असतात. तो रस मुख्यतः साखर आणि पाणी, आणि ती साखर बरीचशी आपल्या पांढऱ्या साखरेतलीच, म्हणजे सुक्रोज. म्हणून इथे पांढरी साखरच योग्य.

प्रमाण १:४. पाव कप साखर, एक कप पाणी. गरम पाण्यात विरघळवा, पूर्ण गार करा, मग भरा. लाल रंग घालायचा नाही. फीडरची फुलं लाल आहेत, तेवढं त्यांना पुरतं.

---

आडवाटेवर | १५ ऑगस्ट, सकाळी ७:०५

नर तुमच्यामुळे गेला नाही. हे आधी वाचा आणि बाबांनाही सांगा.

तुमच्याकडे येणारा रूबी-थ्रोटेड हमिंगबर्ड. पूर्व अमेरिकेत घरटं करणारा हा एकच हमिंगबर्ड. त्याचे प्रौढ नर सगळ्यात आधी दक्षिणेला निघतात, जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टभर. पिल्लं वाढवण्यात नराचा काही वाटा नसतो. घरटं बांधणं, दोन अंडी उबवणं, भरवणं सगळं मादी एकटी करते. त्यामुळे प्रजननाचा काळ संपला की नराला इथे थांबायचं कारण उरत नाही. बाबा गेले आणि नर गेला ते एकाच आठवड्यात, म्हणून तुम्हाला तसं वाटलं.

आणि आत्ता दिसते ती 'मादी' कदाचित मादी नसेलही. यंदाची पिल्लं, नर असोत की मादी, अशीच पांढऱ्या गळ्याची दिसतात. नीट पाहा, गळ्यावर एखादं लाल पीस चमकलं तर तो यंदाचा लहान नर. त्यांचा मुक्काम सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत, काहींचा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत असतो. म्हणजे फीडरची खरी गरज आता आहे. तीन ग्रॅमचा पक्षी, एक सेंटचं नाणं अडीच ग्रॅमचं असतं. निघण्याआधी तो चरबी साठवून वजन जवळजवळ दुप्पट करतो, आणि त्यातले कितीतरी मेक्सिकोचं आखात एका दमात ओलांडतात. पाचशे मैल, खाली नुसतं पाणी.

---

रानजाई | १५ ऑगस्ट, सकाळी ८:२०

आडवाटेवर, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग आता त्या पोरांचं बघ."

सरोवर, रात्रीच सगळं भिजत घातलं होतं. बाटली स्वच्छ झाली, पण दोन फुलांतले डाग जात नाहीत. नवा फीडर घ्यावा लागेल. कुठला घेऊ?

---

माई_ह्यूस्टन | १५ ऑगस्ट, सकाळी ९:५०

रानजाई, मी चौदा वर्षं फीडर लावते आहे, म्हणून हक्काने सांगते. बाटली उलटी टांगायची असते तो घेऊ नकोस. उन्हात वरची हवा तापून फुगते आणि पाणी खालून थेंब थेंब गळायला लागतं. मग मुंग्या, माश्या, चिकट डेक. बशीसारखा पसरट मिळतो तो घे. झाकण उचललं की दोन भाग होतात, कानाकोपरा राहत नाही, भांडी घासताना त्यातच धुऊन होतो. त्यात पाणी भोकांच्या खाली असतं, त्यामुळे लांब जिभेच्या पक्ष्याला पोचतं आणि गांधीलमाशीला पोचत नाही. पिवळी फुलं असलेला नको, पिवळ्यावर माश्या येतात.

आणि मोठा घेऊ नकोस गं. सगळे इथेच चुकतात. हा पक्षी दिवसाला चमचा-दोन चमचे पितो. तुझ्याकडे दोन-तीन पक्षी असतील तर चार-सहा चमचे झाले. मोठी बाटली भरली की आठवडाभर तेच पाणी उन्हात उभं राहतं, आणि भरलेली दिसते म्हणून आपणही हात लावत नाही. तुझं तेच झालं. अर्धा कप भर, त्याहून जास्त नाही. उरलं तर झाडाला न घालता सिंकमध्ये ओत, नाहीतर मुंग्या. जास्तीचं करून फ्रिजमध्ये ठेवलं तर आठवडाभर टिकतं.

किती दिवसांनी बदलायचं ते कॅलेंडरवर ठरवू नकोस, थर्मामीटरवर ठरव. नव्वद फॅरनहाइटच्या वर गेलं की रोज, फार तर एका दिवसाआड. सत्तर-ऐंशीत दोन-तीन दिवसांनी. थंडी पडली की चार-पाच दिवस चालतात. पाणी जरा जरी धुरकट दिसलं तरी हा हिशोब विसरून लगेच बदलायचं.

आमच्याकडे सप्टेंबरात उत्तरेकडचे सगळे येतात. आखाताच्या किनाऱ्यावर रॉकपोर्टला तर त्यांच्यासाठी दर सप्टेंबरला उत्सव असतो. त्या दिवसांत माझे चार फीडर संध्याकाळपर्यंत रिकामे होतात. तेव्हा मी भरपूर भरते, कारण ते उरतच नाही. किती भरायचं ते ते किती पितात त्यावर.

---

उंबरठा | १५ ऑगस्ट, दुपारी १२:३०

माईंचं थर्मामीटरचं सूत्र मला सिएटलमध्ये पटलं. २०२१ च्या जूनमध्ये इथे १०८ अंश फॅरनहाइट झालं होतं, आमच्यापैकी कित्येकांच्या घरात एसी नाही. सकाळी भरलेलं पाणी दुपारी तीनला धुरकट झालं होतं. त्या तीन दिवसांत रोज दोन वेळा बदललं.

आमच्याकडे ॲनाज हमिंगबर्ड आहे आणि तो हिवाळ्यात जातच नाही. पूर्वी हा कॅलिफोर्नियाकडचा पक्षी होता. बागांमधली बाहेरून आणलेली फुलझाडं आणि लोकांनी टांगलेले फीडर यांच्या आधाराने गेल्या शतकात तो उत्तरेला सरकत इथवर आला. म्हणजे आपण टांगलेल्या बाटलीने एका पक्ष्याचा नकाशा बदलायला हातभार लावला. म्हणून हिवाळ्यात मला ही जबाबदारी फार वाटते. १:४ चं पाणी बत्तीस फॅरनहाइटच्या थोडंच खाली गोठायला लागतं. २०२२ च्या डिसेंबरात बर्फाळ पाऊस पडून रस्त्यांवर काच पसरल्यासारखं झालं होतं, तेव्हा मी दोन फीडर फिरवत होतो. एक बाहेर, एक स्वयंपाकघरात, दर तासाला अदलाबदल.

रात्री हा पक्षी शरीराचं तापमान एकदम खाली आणतो, हृदयाचे ठोके मंदावतात, फांदीवर निपचित बसून राहतो. पहाटे त्यातून जागं व्हायलाच बरीच शक्ती जाते. त्या वेळी बाहेर गोठलेला फीडर असणं म्हणजे फार वाईट. मी अंधारातच टांगायचो.

---

सरोवर | १५ ऑगस्ट, दुपारी १:१०

उंबरठा, कडाक्यात तुम्ही साखर वाढवता का? १:३ केलं तर जरा उशिरा गोठतं असं ऐकते.

---

उंबरठा | १५ ऑगस्ट, दुपारी १:४०

एक-दोन रात्रींपुरतं करणारे आहेत. मी करत नाही. गोठायचा बिंदू जेमतेम अंशभरच खाली जातो, तेवढ्यासाठी पाक घट्ट का करायचा? गोठण्याच्या दिवसांत इतर पाणीही दुर्मिळ असतं. फीडर अदलाबदल करायला उठणं हाच खरा उपाय.

---

पानगळ | १६ ऑगस्ट, सकाळी ६:५५

माझं मत वेगळं आहे. ज्याला दर दोन दिवसांनी धुणं जमणार नाही त्याने फीडर लावू नये, झाडं लावावीत. रानजाई, तुमच्यावर टीका नाही. तुम्हीच लिहिलं आहे की ऑफिस आणि मुलं आहेत. फुलाला कोणी धुवावं लागत नाही.

न्यू जर्सीत कोरल हनीसकल कुंपणावर चढवा. लांब लाल नळीसारखी फुलं, वसंतापासून. जपानी हनीसकल मात्र घेऊ नका, तो रान माजवतो. ओलसर जागा असेल तर कार्डिनल फ्लॉवर. ऑगस्टमध्ये लालभडक फुलतो. आणि एक झाड तुम्हाला विकतही घ्यावं लागणार नाही: ओढ्याकाठी, सावलीत, आत्ता केशरी फुलं लटकलेली दिसतील ते ज्युएलवीड. हा आपल्या तेरड्याचा सख्खा भाऊ. कुळ तेच, पिकलेली शेंग बोट लागताच तशीच फुटते. आपल्याकडे गौरीला तेरडा येतो त्याच दिवसांत हा इथे बहरात असतो, आणि दक्षिणेला निघालेले रूबी-थ्रोटेड त्यावर तुटून पडतात.

शिवाय हा पक्षी नुसत्या साखरेवर जगत नाही. चिलटं, मावा, बारीक कोळी हे त्याचं प्रथिन. पिल्लांना तर मुख्यतः तेच. तुम्ही फीडर ठेवलात आणि बागेत कीटकनाशक मारलंत तर एका हाताने दिलं ते दुसऱ्याने काढून घेतलंत.

---

माई_ह्यूस्टन | १६ ऑगस्ट, सकाळी ८:००

पानगळ, झाडांबद्दल शंभर टक्के अनुमोदन. माझ्याकडे हॅमेलियाचं झुडूप आहे, त्यावर ते फीडर सोडून बसतात. पण रानजाईच्या वडिलांनी त्या काचेच्या दाराशी बसून तीन महिने वही लिहिली. तो फीडर काढून टाक असं मी तिला सांगणार नाही. अर्धा कप भरून बशीचा फीडर धुवायला तीन मिनिटं लागतात, मी घड्याळ लावून पाहिलं आहे.

---

कोथरूडकर | १६ ऑगस्ट, सकाळी ८:३५

मधेच विचारतो. हमिंगबर्ड आपल्याकडे नाहीत हे माहीत आहे, पण आमच्या गच्चीवर शिंजीर येतात. जांभळा येतो तो आणि पिवळ्या पोटाचा येतो तो. त्यांच्यासाठी असा फीडर टांगावा का? आणि हे दोघे नात्यातले का?

---

पानगळ | १६ ऑगस्ट, सकाळी ९:१०

नात्यातले नाहीत. फुलातून रस प्यायचा म्हणून दोघांची चोच लांब आणि बाकदार किंवा सुईसारखी झाली, रंग चमकदार झाले, पण वाटा वेगळ्या. हमिंगबर्डचे जवळचे नातेवाईक म्हणजे पाकोळ्या, ज्या जुन्या वाड्यांत आणि पुलांखाली घरटी करतात त्या. शिंजीर चिमण्या-मैनांच्या मोठ्या गटातला. म्हणून तो शक्यतो देठाला धरून बसून पितो, हमिंगबर्ड हवेत एका जागी तरंगून.

फीडर नको. पुण्यात बारा महिने काही ना काही फुललेलं असतं. जास्वंद, अबोली, सब्जाची मंजिरी, आणि माईंनी म्हटलेलं हॅमेलिया आपल्याकडच्या कुठल्याही नर्सरीत मिळतं. ते मूळचं अमेरिकेतलं, तिथे त्यावर हमिंगबर्ड येतात आणि इथे शिंजीर. शिंजीर जास्वंदीत समोरून जात नाही, देठाजवळ भोक पाडून पितो ते पाहा एकदा.

---

रानजाई | १९ ऑगस्ट, रात्री ८:५०

माई, बशीचा फीडर आला. आठ औंसांचा, त्यात चार औंसच भरते. तीन दिवसांत दोनदा धुतला. आज सकाळी दोन पक्षी होते, त्यातल्या एकाच्या गळ्यावर एकच लाल ठिपका! बाबांना व्हिडिओ पाठवला. ते म्हणाले हा त्याचाच मुलगा.

दोन अडचणी. मुंग्या तारेवरून उतरतात. आईने तारेला खोबरेल लावायला सांगितलं आहे. आणि तो ठिपकेवाला दुसऱ्याला बसूच देत नाही.

---

सरोवर | १९ ऑगस्ट, रात्री ९:२५

तेल नका लावू, व्हॅसलीनही नको. पिसांना लागलं तर त्यांना ते काढता येत नाही. पूर्वी लाडवांच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत, आठवतं? तीच युक्ती. फीडरच्या वर टांगायची छोटी वाटी मिळते, तिच्यात साधं पाणी भरायचं. मुंगी पाण्याशी येऊन परत फिरते. वाटी सुकू देऊ नका.

भांडणावर उपाय म्हणजे दुसरा फीडर, पण पहिल्यावरून दिसणार नाही असा, घराच्या कोपऱ्यापलीकडे. शेजारी लावला तर तोच दोन्ही राखतो. आणि काचेच्या दारापासून तुमचा फीडर किती लांब आहे?

---

रानजाई | १९ ऑगस्ट, रात्री ९:३१

आठ-नऊ फूट असेल.

---

सरोवर | १९ ऑगस्ट, रात्री ९:४०

हे अंतर धोक्याचं. घाबरून उडाला तर काचेवर पूर्ण वेगाने आदळतो. एकतर काचेपासून तीन फुटांच्या आत आणा, म्हणजे वेग येण्याआधीच काच लागते, नाहीतर तीस फुटांपलीकडे न्या. बाबांच्या खुर्चीचा विचार करता मी जवळ आणेन. काचेवर बाहेरून दोन-दोन इंचांवर ठिपक्यांची पट्टी लावा.

---

आडवाटेवर | २० ऑगस्ट, सकाळी ७:१५

बाबांसाठी एक गोष्ट. या पक्ष्याची जीभ बारीक नळीसारखी काम करते, रस आपोआप वर चढतो, असं फार वर्षं मानलं जात होतं. कनेक्टिकट विद्यापीठातल्या अलेहांद्रो रिको-गेव्हारा आणि मार्गारेट रुबेगा यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण करून २०११ मध्ये दाखवलं की तसं नाही. जिभेचं टोक दुभंगलेलं असतं, रसात शिरताच त्याच्या कडा उघडतात आणि बाहेर येताना रस धरून मिटतात. सेकंदाला कित्येकदा.

म्हणजे ती जीभ दर घोटाला त्या भोकातून आत-बाहेर करत असते. बाटली कितीही चकचकीत असली तरी भोकाची कड घासलेली नसेल तर उपयोग नाही. पातळ ब्रश विसरू नका.

---

रानजाई | २३ सप्टेंबर, रात्री ९:०५

खूप दिवसांनी लिहिते आहे, पण फीडर एकदाही चुकला नाही. मोठ्या मुलीकडे पातळ ब्रशचं काम आहे, ती भोकं मोजून घासते. ओढ्याकाठी केशरी तेरडा सापडला. यंदा गौरीला तोच आणला, आणि मुलींना शेंगा फोडून दाखवल्या. दोन्ही पक्षी परवापर्यंत होते, काल एकच आला. बाबांनी वही तिकडे नेली होती, ती आता ते आमच्या व्हिडिओंवरून लिहितात.

शेवटचा पक्षी गेला की फीडर लगेच काढायचा का? शेजारीण म्हणते ठेवला तर पक्षी जायचे थांबतात आणि थंडीत मरतात.

---

आडवाटेवर | २३ सप्टेंबर, रात्री ९:५०

थांबत नाहीत. दिवस लहान होऊ लागले की त्यांचं शरीरच त्यांना निघायला लावतं, भरलेली बशी ते बदलू शकत नाही. मागे राहिलेल्याला, उशिरा निघालेल्याला ती उलट उपयोगी पडते. शेवटचा दिसल्यावर निदान दोन आठवडे ठेवा. शक्य असेल तर नोव्हेंबरपर्यंत ठेवा, कारण पश्चिमेकडचा रूफस हमिंगबर्ड कधीकधी वाट सोडून शरदात पूर्वेला येतो, न्यू जर्सीतही दिसला आहे. तांबूस पाठ दिसली तर फोटो काढा.

---

रानजाई | १२ ऑक्टोबर, सायंकाळी ६:३०

३ तारखेनंतर कोणी आलेलं नाही. बाबांनी वहीत तारखेखाली रेघ मारली आणि पुढचं पान कोरं ठेवलं आहे. फीडर काढलेला नाही. थंडी आहे म्हणून पाव कपच भरते. आज धुतला, आता गुरुवारी.